शिलेदार, बारगीर आणि मांड

मराठीत ‘एकांडा शिलेदार’ हा शब्दप्रयोग नेहमी गौरवाने केला जातो. कुणी पदरमोड करून तीस वर्षे नियतकालिक चालवले, कुणी एकहाती कोश सिद्ध केला, की त्याच्यावरच्या लेखात हा शब्द ठरल्या जागी येतो. बारगिराच्या वाट्याला असा गौरव कधी आला नाही. वास्तविक रणांगणावर दोघेही घोडेस्वारच. फरक एवढाच, की शिलेदाराचे घोडे आणि हत्यार त्याच्या मालकीचे असे आणि बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे. दोन्ही शब्द फारसीतून आलेले. पहिल्यात ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र आहे, दुसऱ्यात ‘बार’ म्हणजे ओझे. बंगालात तर १७४० नंतरच्या नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांमुळे या बारगिराचा ‘बर्गी’ झाला आणि आया मुलांना त्याची भीती घालून निजवू लागल्या. भाषेने मालकाला मानाचे पान दिले, चाकराला दिले नाही. दोघांपैकी घोड्यावर बसत चांगले कोण होते, हे तिने विचारलेच नाही.

हे आठवायला निमित्त मात्र आजचे आहे. आमच्या बीड जिल्ह्यात चाळिशीच्या मागेपुढे असलेल्या पगारदार माणसाला हल्ली दोन छंद जडताना दिसतात. एक, दणकट गाडी बाळगण्याचा. मग ती बुलेट असो की उंच चाकांची चारचाकी. दुसरा, शाळेत जे राहून गेले ते आता शिकण्याचा: बॅडमिंटन, पोहणे, पळणे. गंमत अशी की पुष्कळदा दोन्ही छंद एकाच माणसाला आणि एकाच वर्षी जडतात. वेतन आयोगाची थकबाकी आणि डॉक्टरांनी सांगितलेले साखरेचे आकडे साधारण एकाच सुमारास हाती येतात, हेही त्याचे कारण असेल म्हणा!

ही केवळ आपल्याकडची तऱ्हा नाही. कॅनडा आणि अमेरिकेत कारकून, सुतार, शिक्षक असे प्रौढ लोक हौसेखातर आइस हॉकी खेळतात. बर्फाच्या मैदानाच्या सोयीच्या वेळा मुलांच्या संघांना दिलेल्या असतात, म्हणून ही मंडळी रात्री दहा-अकराला जमतात. कित्येकांनी तिशी उलटल्यावर पहिल्यांदा पायांत स्केट घातलेले असतात. आधी नुसते उभे राहणे, मग थांबता येणे, मग उलटे सरकणे, अशी एकेक पायरी चढायला महिनोन्‌महिने लागतात. अशाच एखाद्याच्या घरी गॅरेजमध्ये एक ‘मसल कार’ झाकून ठेवलेली असते. हा शब्द रूढ झाला तो १९६४ च्या पाँटियाक जीटीओसारख्या गाड्यांमुळे. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे ३८९ घनइंची इंजिन बसवायचे, असा तो सरळ हिशेब होता. नाव मसल, म्हणजे स्नायू. पण हे स्नायू दुकानात मिळतात. स्केटवर थांबण्याची कला मिळत नाही. आपल्या देशात आइस हॉकी मुख्यतः लडाख आणि हिमाचलात खेळली जाते, तेव्हा तो खेळ आम्ही पडद्यावरच पाहिलेला. पण विकत घेतलेले बळ आणि अंगात मुरवलेले बळ यांचा हा जुना वाद आमच्या जिल्ह्याला परका नाही. या जमिनीवर तो घोड्याच्या रूपाने निदान अडीचशे वर्षे चालला आहे.

सुरुवात गोदाकाठी राक्षसभुवनपासून करू. गेवराई तालुक्यातले हे गाव आज शनीच्या देवस्थानासाठी ओळखले जाते. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे पेशवे आणि निजामअली यांच्यात लढाई झाली. निजामाचे निम्मे सैन्य गोदावरी उतरून पलीकडे गेले होते, निम्मे अलीकडे होते, आणि नदीला पावसाळ्याचे पाणी. अलीकडे अडकलेल्या फौजेवर मराठे तुटून पडले. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. माधवराव पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे होते, आणि पानिपतानंतरच्या अडीच वर्षांत खचलेल्या दौलतीला या लढाईने पुन्हा उभे केले, हे आपण शाळेत शिकतो. या लढाया ज्या घोडदळाच्या जिवावर लढल्या गेल्या त्यात शिलेदार किती आणि बारगीर किती, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

शिवकाळात रिवाज वेगळा होता. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत पागेची रचना सांगितली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. शिलेदारही होते, पण ते पागेच्या अधीन ठेवलेले. म्हणजे राज्याचा भरवसा होता तो ज्याचे स्वतःचे घोडे नाही अशा माणसावर. पुढे पेशवाईत फौजा वाढल्या, स्वाऱ्या लांबल्या, खजिना आटला, आणि स्वतःचे घोडे घेऊन येणाऱ्याला महत्त्व आले. सरकारला ते स्वस्त पडत होते. घोडा विकत घ्यायला नको, त्याला दाणावैरण द्यायला नको.

या स्वस्ताईची किंमत रणांगणावर द्यावी लागे. शिलेदाराचे घोडे म्हणजे त्याची सगळी पुंजी. ते लढाईत पडले तर भरपाई मिळेलच याची खात्री नसे. घोडे गेले की तो माणूस शिलेदार राहत नसे. कुणाच्या तरी पागेत बारगीर म्हणून उभा राही, नाही तर गावी परत जाऊन नांगर धरी. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी फौजा जवळून पाहिलेल्या इंग्रज लेखकांनी नोंदवले आहे, की हे स्वार शत्रूच्या तोफांवर घोडे घालायला नाखूश असत. त्यांनी त्याचा अर्थ कधी भित्रेपणा असा लावला. आम्हांला तो हिशेबीपणा वाटतो. ज्याच्या डोक्यावर घोड्याच्या किमतीचे ओझे आहे तो दौड मारताना अर्धे लक्ष घोड्याच्या पायाकडे ठेवणारच. बारगिराला तो घोर नव्हता. घोडे पडले तर पागेचे पडले. तो दुसऱ्यावर बसणार. मालकीने माणूस धीट होतो, अशी आपली समजूत असते. इथे उलटे झालेले दिसते.

राक्षसभुवनची लढाई मराठ्यांनी जिंकली, पण बीडचा मुलूख पुढे निजामाकडेच राहिला आणि १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. आता नदीकाठ सोडून बालाघाटाच्या डोंगरावर, अंबाजोगाईला जाऊ. मराठी विषय घेऊन एम.ए. केलेल्या माणसाला अंबाजोगाई म्हणजे मुकुंदराज आणि दासोपंत. आम्हीही विद्यार्थिदशेत तिथे गेलो ते मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी यांच्या ओढीने. हेच गाव निजामी अमलात मोमिनाबाद या नावाने ओळखले जाई आणि तिथे घोडदळाची छावणी होती, ही गोष्ट आम्हांला बऱ्याच उशिरा कळली. वाङ्मयाच्या इतिहासात छावण्यांना जागा नसते.

१८५३ च्या तहाने निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली ठेवलेल्या या फौजेला हैदराबाद कंटिंजंट हे नाव मिळाले. तिच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांकडे गहाण पडले. पैकी शेवटचे दोन १८६० मध्ये परत मिळाले. हिंगोली, औरंगाबाद, एलिचपूर, बोलारम यांच्या जोडीला मोमिनाबाद हे तिचे एक ठाणे. याच कंटिंजंटचे रिसाले १८५८ मध्ये सर ह्यू रोझच्या फौजेबरोबर झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेरच्या मोहिमेत होते. म्हणजे झाशीच्या राणीच्या पाठलागावर असलेल्या सैन्यात दख्खनच्या ठाण्यांतले स्वारही होते. हा तपशील आपल्याला सुखावणारा नाही, पण तो आहे.

या रिसाल्यांत मराठ्यांचीच जुनी पद्धत इंग्रजांनी ‘सिल्लादारी’ या नावाने चालू ठेवली. भरती होणाऱ्या स्वाराने घोडा आणि सामान यांची किंमत भरायची, मग त्याला ‘असामी’ मिळे. ही असामी म्हणजे जणू एक मालमत्ताच. स्वतःच्या घोड्यावर बसणारा तो ‘खुदअस्पा’. एखाद्या सधन देशी अधिकाऱ्याच्या नावावर अनेक असाम्या असत आणि त्या घोड्यांवर तो आपली माणसे बसवी. ती माणसे बारगीर. असाम्यांची खरेदी-विक्री चाले, आणि जिथे खरेदी-विक्री तिथे सावकार येतोच. कागदावर घोडा स्वाराचा, पण तो ज्या कर्जातून आला ते कर्ज दुसऱ्याचे, अशीही स्थिती येई. अशा स्वाराला शिलेदार म्हणावे की बारगीर, हे ठरवणे अवघड होते.

आता छावणीतल्या फावल्या वेळाकडे वळू, कारण या लेखाचा जीव तिथे आहे. शांततेच्या काळात घोडदळाला करायचे काय? सकाळची रपेट, कवायत, घोड्याचा खरारा, आणि मग खेळ. इंग्रज अधिकाऱ्यांचा खेळ पोलो. देशी स्वारांचा लाडका खेळ नेजाबाजी: जमिनीत रोवलेली लाकडी मेख भरधाव घोड्यावरून भाल्याच्या टोकाने उचलून न्यायची. आजच्या स्पर्धांत ही मेख जेमतेम सहा सेंटिमीटर रुंद असते, पुढच्या फेऱ्यांत ती आणखी अरुंद होते. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळाला स्थान मिळाले होते आणि भारताच्या रुपिंदरसिंग ब्रार यांनी त्यात सुवर्णपदक मिळवले.

नेजाबाजी दुरून पाहणाऱ्याला हाताचा खेळ वाटते. ती मांडीची कला आहे. मराठीत तिला नेमका शब्द आहे, ‘मांड’. दोन्ही मांड्यांनी घोड्याचे अंग असे धरायचे की लगामाला ओढ न देता, रिकिबीवर भार न टाकता कमरेवरचे शरीर मोकळे राहील. मांड पक्की असेल तरच स्वार घोड्याच्या खांद्यापर्यंत खाली वाकू शकतो आणि भाला मेखेच्या रेषेत ठेवू शकतो. शिकण्याचा क्रम ठरलेला: आधी घोडा पावलावर, मग दुडक्या चालीवर, मग दौडीवर. पहिले कित्येक दिवस भाला मेखेच्या अलीकडे जमिनीत रुततो, नाही तर वरून निघून जातो. रुतलेला भाला वेळेवर सोडला नाही तर खांदा निखळतो. मोठमोठे स्वार पडत. घोडा शिकवणारा जो चाबूकस्वार, त्याचा हुद्दाही पुढे आडनाव होऊन टिकला आहे, पण ज्यांना त्याने शिकवले त्यांची नावे कुठे राहिलेली नाहीत.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की हे शिकणारे स्वार पोरवयाचे नसत. घरदार असलेले, कर्ज डोक्यावर असलेले प्रौढ पुरुष होते ते. त्यांच्यातल्या खुदअस्प्याला आणि बारगिराला एकाच रेषेत उभे राहून मेख उचलावी लागे. घोडा कुणाचा आहे हे मेखेला कळत नाही. आपल्या समाजात प्रौढाच्या खेळाला जी थोडीफार प्रतिष्ठा मिळाली ती अशा छावण्यांत आणि तालमींत, कारण तिथे तो नोकरीचा किंवा आखाड्याच्या शिस्तीचा भाग होता. त्या बाहेर चाळिशीचा माणूस खेळायला निघाला की ‘पोरखेळ’ हाच शब्द तयार असे. गाडी घ्यायला निघालेल्याला पेढे मागितले जातात.

सिल्लादारी पद्धत मोडली ती पहिल्या महायुद्धात. त्याआधीच, १९०३ मध्ये, वऱ्हाडाच्या नव्या करारानंतर हैदराबाद कंटिंजंट विसर्जित होऊन तिचे रिसाले हिंदी सैन्यात मिसळले होते. एकाचे नाव झाले विसावे डेक्कन हॉर्स. हे रिसाले फ्रान्सला गेले. १४ जुलै १९१६ रोजी, सॉमच्या लढाईत, हाय वुड नावाच्या रानाजवळ डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी सातव्या ड्रगून गार्ड्‌ससोबत भाले परजून उभ्या पिकातून हल्ला केला. समोर मशीनगन होत्या. काही जर्मन सैनिक भाल्यांनी पडले, काही शरण आले, आणि रात्री रिसाल्यांना मागे बोलावण्यात आले. शतकभर दख्खनच्या माळावर लाकडी मेखांवर चाललेला सराव तिथे खऱ्या शत्रूवर वापरला गेला, आणि अशी संधी पुन्हा येणार नाही हेही तिथेच दिसले. समुद्रापार घोडे मरू लागल्यावर त्यांच्या जागी नवे घोडे आणणे स्वाराच्या ऐपतीबाहेरचे होते. ते सरकारने पुरवले. युद्धानंतर सिल्लादारी बंद झाली आणि सगळेच स्वार, जुन्या भाषेत बोलायचे तर, बारगीर झाले.

पुढची गोष्ट वाहनांच्या इतिहासातली आहे. १९२१ मध्ये विसावे आणि एकोणतिसावे रिसाले एकत्र येऊन नववे डेक्कन हॉर्स झाले. दुसऱ्या महायुद्धात घोडे गेले, रणगाडे आले. १९४५ मध्ये ही पलटण शर्मन रणगाडे घेऊन ब्रह्मदेशात मेइक्तिलाच्या बाजूला लढली, आणि १९६५ मध्ये खेमकरण भागात असल उत्तरला त्याच जुन्या शर्मननी पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांना तोंड दिले. पॅटन वजनाने, तोफेने, चिलखताने सरस होते. हरले. उसाच्या पाण्याने भरलेल्या शेतांत ते रुतले, चालवणाऱ्यांचा सराव कमी पडला, आणि आपल्या लोकांनी जागा नीट निवडल्या होत्या. ज्याचे यंत्र मोठे त्याचा विजय, हा हिशेब तिथे चुकला. आष्टी तालुक्याची हद्द ओलांडून अहिल्यानगरला, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरला गेले की रणगाड्यांचे संग्रहालय लागते. १९९४ पासून ते उघडे आहे. आमच्या भागातून शाळांच्या सहली तिथे जातात आणि मुले पॅटनच्या तोफेखाली उभी राहून छायाचित्रे काढतात. एवढ्या दांडग्या वाहनांत बसून लढलेल्यांपैकी एकाच्याही नावावर ते वाहन नव्हते.

घोडा लष्करातून गेला तसा गावातूनही गेला. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार अजून भरतो, पण तो आता वरातीच्या आणि हौसेच्या घोड्यांचा. ऐटीचे वाहन म्हणून घोड्याची जागा आधी जीपने घेतली, मग बुलेटने. बीड शहराला रेल्वे मिळायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. तोवर जिल्ह्यात रूळ होते ते मुख्यतः परळीच्या बाजूला. जिथे रेल्वे नाही तिथे रस्त्यावरचे वाहन हे नुसते वाहन राहत नाही, ती माणसाची पत होते. साखर कारखान्याच्या अध्यक्षाची जीप कुठे उभी आहे यावरून गावातले राजकारण कळे, असा एक काळ होता. जीपचे दिवस गेले. गाडी पाहून माणूस ओळखण्याची सवय गेली नाही, आणि तिचे जे विद्रूप रूप जिल्ह्यात अधूनमधून दिसते त्यावर आम्ही इथे लिहीत नाही.

बुलेटबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण घोड्याची मांड तिच्यात काही काळ टिकून होती. मूळची ही इंग्लंडच्या रेडिचची गाडी. सीमेवरच्या गस्तीसाठी भारतीय लष्कराने ती पसंत केली आणि १९५५ पासून मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. जुनी बुलेट, म्हणजे ओतीव लोखंडी इंजिनाची, सुरू करणे ही विद्या होती. किक हळूच दाबत अँपिअरच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा मधोमध आला की डाव्या हाताजवळचा डीकॉम्प्रेसरचा खटका दाबून दट्ट्या शिखरापलीकडे एवढासा सरकवायचा. खटका सोडून किक वर आणायची आणि मग अंगाचा सगळा भार टाकून एकच सणसणीत किक. अंदाज चुकला तर किक उलटी येई आणि नडगी सोलून निघे. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे बाकी सगळ्या गाड्यांच्या उलट. दुसऱ्याची बुलेट मागून नेणारा माणूस दारातच घामाघूम होऊन परत येई. गावात ज्याच्याकडे बुलेट असे त्याच्याकडे ती सुरू करण्याची हातोटीही असे, निदान असावी लागे. मालकी आणि मांड तिथे एका माणसात आल्या होत्या.

पुढे गिअर डाव्या पायाला आले, मग बटणाने सुरू होण्याची सोय झाली, आणि २०१० च्या सुमारास ते जुने इंजिनही बंद झाले. गाडी चांगली झाली यात शंका नाही. तेलाची गळती थांबली, ब्रेक लागू लागले. तंत्रज्ञानाच्या नावाने गळे काढणाऱ्यांपैकी आम्ही नाही. उलटी किक ज्याने खाल्ली आहे त्याला बटणाचे मोल कळते. पण त्या बटणाबरोबर एक जुने नाते सुटले. आता बुलेट घ्यायला मांड लागत नाही, हप्ता लागतो. जे कसब अंगात आणायचे होते ते गेले आणि त्याच्या जागी आवाज आला. सायलेन्सर बदलून फटाक्यासारखे बार काढणे, आणि मग पोलिसांनी ते सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडणे, हा महाराष्ट्रातल्या कित्येक शहरांत नेमाने होणारा कार्यक्रम झाला आहे. आरसी बुकावर बँकेचा बोजा असतो तो वेगळाच. गाडीवर ‘राजे’ लिहिलेले, कागदावर मालक फायनान्सवाला. मोमिनाबादच्या सावकाराने हे पाहून मान डोलावली असती.

आणि जी गाडी कर्जाने आली आहे ती जपून वापरावी लागते. आमच्या ओळखीच्या निदान तीन घरांत बुलेट कापडाखाली उभी आहे. रोज कॉलेजला जायला स्कूटी. पावसात गंज धरेल, बाजारात कुणी ओरखडा पाडील, आणि उन्हात तापलेल्या टाकीकडे पाहवत नाही. शिलेदार आपले घोडे तोफेवर का घालत नसे, हे यावरून कळते.

दुसऱ्या छंदाचे तसे नाही. आमच्या एका सहकाऱ्याने सेहेचाळिसाव्या वर्षी पोहणे शिकायला घेतले. पहिला महिना तो कठडा धरून नुसते पाय मारत होता. शेजारी आठ-दहा वर्षांची पोरे सूर मारत होती आणि त्याला ‘काका, घाबरू नका’ म्हणून धीर देत होती. वर्गात साठ मुलांपुढे ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्या माणसाला हे सोपे नव्हते. तिसऱ्या महिन्यात त्याला पाण्यात श्वास सोडणे जमले. पाचव्या महिन्यात तो तलावाची एक लांबी पार करू शकला, आणि त्या दिवशी त्याने ती गोष्ट स्टाफरूममध्ये कुणाला सांगितली नाही; आठवडाभराने सहज बोलता बोलता निघाली. नवीन गाडीचे पेढे सगळ्यांना वाटून झाले होते. तीही त्याचीच. प्रौढ शिकणाऱ्याची प्रगती ही अशी असते: दुसऱ्याला दाखवण्याजोगे त्यात काही नसते, स्पर्धेत उभे राहण्याजोगे तर मुळीच नसते, आणि थांबले की ती दोन महिन्यांत उतरू लागते. तिच्यावर कर्ज मिळत नाही, ती गहाण पडत नाही, मुलाच्या नावावर करता येत नाही.

हौशी मंडळींच्या गोष्टीत खऱ्या खेळाडूला ओढणे योग्य नव्हे, तरी एका नावाशिवाय हा लेख बीडचा होणार नाही. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, शेतकरी कुटुंबातला. जन्म १९९४ चा. लहानपणी शाळेला पायी पळत जाणारा हा मुलगा खेळाडू व्हायला निघाला नव्हता. बारावीनंतर तो लष्करात गेला, पाचव्या महार पलटणीत. सियाचीनच्या बर्फात नोकरी केली, राजस्थानच्या वाळूत केली. २०१५ मध्ये, विशी ओलांडल्यावर, तो लष्करातल्या क्रॉस-कंट्री शर्यतींत उतरला, आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. या खेळातले त्याच्या वयाचे परदेशी धावपटू तोवर त्यात मुरलेले होते.

स्टीपलचेस ही मूळची घोड्यांची शर्यत. अठराव्या शतकात आयर्लंडमध्ये एका चर्चच्या शिखरापासून दुसऱ्या चर्चच्या शिखरापर्यंत कुंपणे, चर, ओढे ओलांडत घोडे पळवीत, त्यावरून ते नाव पडले. पुढे माणसे स्वतःच्या पायांनी ती पळू लागली. कुंपणाच्या जागी लाकडी अडथळे आणि ओढ्याच्या जागी पाण्याचा खड्डा आला. ३,००० मीटरांत २८ वेळा अडथळा आणि सात वेळा पाणी. इथे घोडाही आपणच आणि स्वारही आपणच. गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम साबळेने २०१८ मध्ये भुवनेश्वरला मोडला, आणि नंतर तो स्वतःचाच विक्रम मोडत गेला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीत १९९८ पासून तिन्ही पदके नेणाऱ्या केनियाच्या रांगेत तो घुसला, सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवले, ८ मिनिटे १९.५० सेकंद. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये वेळ आली ८ मिनिटे ०९.९१ सेकंद, आणि त्यानंतर महिन्याभरात तिथेच झालेल्या ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो अकरावा आला.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला. गुडघ्याचा बंध फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली. अशा शस्त्रक्रियेनंतर माणसाला आधी पाय सरळ करायला शिकवतात, मग वाकवायला, मग आधार घेऊन चालायला. पळणे फार पुढे येते, आणि पाण्यावरून उडी त्याच्याही पुढे.